वाचवलेले सहाशे रुपये

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत आणि आपल्या कामातलं, पण सगळ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा म्हणून बजावलंय. काल आपल्या डॉक्टर मित्राने गुडघ्यांवर बोलून निम्म्या वर्गाला घाबरवलं. माझी अडचण अशी की मी सॉफ्टवेअरवाली. वीसेक वर्षं मी जे करते ते टेबलावर ठेवून दाखवता येत नाही आणि तोंडी सांगायला लागलं तर घरचे लोकही उठून जातात.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक प्रश्न आला आणि माझा विषय ठरला. आपल्यापैकीच एकीने विचारलं होतं, "लेक म्हणतो तयार कॉम्प्युटर नको, पार्ट आणून घरी जोडतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं ठरवून बसलाय. कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस फुकट येतो तो चालतो ना?" त्याखाली सात जणांनी अंगठे दिले होते. चालतो, चालतो, काही होत नाही.

मी आज त्या सात अंगठ्यांना उत्तर द्यायला उभी आहे.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. पाठीमागे जिथे जाड वायर खुपसतो तो लोखंडी डबा. भिंतीतून २३० व्होल्टचा एसी करंट येतो. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना लागतो डीसी, तोही १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट असा किरकोळ. हा डबा मधे बसून घाऊकचं किरकोळ करतो.

सर, तुम्ही दहावीत प्रयोगशाळेतला ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवला होता. लोखंडी गाभ्याचा, दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. तेव्हा प्रत्येकाच्या घरी टीव्हीखाली स्टॅबिलायझर असायचा, तोही तसाच जड. मग कॉम्प्युटरचा हा डबा इतका हलका कसा, असा प्रश्न मला इंजिनिअरिंगला गेल्यावर पडला. उत्तर तुम्ही शिकवलेल्यातच होतं. भिंतीतला करंट सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो, म्हणून त्याला मोठा गाभा लागतो. एसएमपीएस आधी तो एसी सरळ करून सव्वातीनशे व्होल्टचा डीसी करतो, मग तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तोडतो. इतक्या वेगाने तोडला की ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा पुरतो. शेवटी गाळून, सपाट करून १२, ५ असे व्होल्ट बाहेर. आणि हे सगळं चालू असताना आतलं एक सर्किट सतत मागे वळून बघत असतं, की बाहेर १२ म्हणजे १२ च जातायत ना. तो मागे वळून बघणारा लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

१९९९ साली मी इथेच कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या लॅबमध्ये तासाला दोघींत एक कॉम्प्युटर. बाबांचं शिलाईचं दुकान तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या खाकी चड्ड्या आणि निळे स्कर्ट तिथेच शिवलेत. बाबांनी पतसंस्थेतून २५ हजार कर्ज काढलं. तयार कॉम्प्युटर त्यात बसेना, म्हणून मी म्हटलं, मी जोडते. मला जोडता येत नव्हतं. मामेभावाला घेऊन रात्रीच्या एस. टी. ने मुंबईला गेले आणि सकाळी दहाला लॅमिंग्टन रोडवर उभी राहिले. आयुष्यात इतका आनंद फार कमी वेळा झालाय. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ८.४ जीबी हार्ड डिस्क. एकेक वस्तू दुकानं फिरून, घासाघीस करून घेतली. शेवटी कॅबिनेट राहिलं. दुकानदार म्हणाला, एसएमपीएससकट चौदाशे. बाजूला दुसरा एसएमपीएस ठेवला होता, हातात घेतला तर चांगला जड. तो घ्यायचा तर सहाशे जास्त. मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, "दोन्हीवर २५० वॉटच लिहिलंय, मॅडम." आणि खरंच दोन्हीवर तेच लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मॅडम म्हणालं होतं. सहाशे रुपये वाचवून मी परत आले.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मराठीच्या बाईंनी मला एक काम दिलं. बाईंच्या आई, म्हणजे आपण सगळेच ज्यांना आजी म्हणायचो, त्यांना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. कुठे लिहिलेल्या नव्हत्या, सगळ्या तोंडपाठ. त्यांच्या आईच्या, सासूच्या, काही स्वतःच्या. बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे कॉम्प्युटर आलाय, त्यात उतरवून घे, आपण छापू." दुपारी मी बाईंच्या घरून आजींना रिक्षाने आणायचे. त्या पलंगावर बसायच्या, हाताने जातं फिरवल्यासारखं करायच्या, कारण हात फिरल्याशिवाय त्यांना पुढची ओवी आठवायची नाही. मी श्रीलिपीत टाइप करायचे. दहा-अकरा दुपारी. दीडशेच्या वर ओव्या झाल्या. एखादीचा अर्थ विचारला तर म्हणायच्या, "आधी लिही, लग्न झालं की कळंल."

मग जानेवारी २००० उजाडला. कोयनानगर इथून तासा-दीड तासावर. अर्ध्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या धरणाच्या उशाशी राहून आपल्याकडे संध्याकाळी दिवे कसे मिणमिणायचे, ते तुम्हाला आठवतंच. संक्रांतीच्या आसपासची संध्याकाळ. लाइट गेली, मी कॉम्प्युटर बंद करायच्या भानगडीत पडले नाही, तो आपोआपच बंद झाला होता. वायर तशीच भिंतीत. लाइट आली ती एकदम भडक आली. ट्यूब फाटकन उडाली आणि कॅबिनेटच्या मागून फटाका फुटावा तसा आवाज आला. जळक्या फणसाच्या डिंकासारखा वास. तो वास मी आजही ओळखीन.

त्या भडक्यात शेजाऱ्यांचा टीव्ही वाचला, कारण मधे स्टॅबिलायझर होता. आमचा एसएमपीएस गेला. तेवढंच झालं असतं तर मी इथे उभी नसते. नवा बसवला, तरी कॉम्प्युटर चालू होईना. मदरबोर्ड गेला होता. हार्ड डिस्क काढून पाहिली तर तिच्या खालच्या हिरव्या पट्टीवरची एक काळी चिप मधोमध फुटलेली. एसएमपीएस जाता जाता तो मागे वळून बघणारा आधी गेला होता, आणि मग ५ आणि १२ व्होल्टच्या तारांवर त्याने काय पाठवलं ते त्यालाच माहीत.

बाई, मी दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले आणि तुम्हाला सांगितलं, "वाय-टू-के झालं." त्या महिन्यात सगळ्या वर्तमानपत्रांत तेच होतं. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. मलाच म्हणालात, "तू काय करणार गं त्याला, जगभर होतंय." बाई, वाय-टू-के वगैरे काही नव्हतं. मी सहाशे रुपये वाचवले होते.

आणि त्याहून वाईट म्हणजे, दीडशे ओव्यांची ती फाइल एका फ्लॉपीत दहा वेळा मावली असती. एक कॉपी मी काढली नाही. आजी उन्हाळ्यात गेल्या. जानेवारी ते उन्हाळा, मधे तीन-चार महिने होते. वही-पेन घेऊन मी पुन्हा त्यांच्यासमोर बसू शकले असते. पण खोटं बोलल्यामुळे मी तुमच्या घराकडचा रस्ताच टाळत होते. बाबा तर जूनपर्यंत बंद कॉम्प्युटरचे हप्ते भरत होते.

असो. आता कामाचं बोलते, नाहीतर वीस मिनिटं संपतील.

तो जळका डबा मी फेकला नाही. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर आमच्या हार्डवेअर टीममधल्या एका सहकाऱ्याने तो उघडला. चार वर्षं कपाटात पडून होता म्हणून उघडला; वापरातला एसएमपीएस कोणीही घरी उघडू नये. वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ बसून असतात. त्याने मला एकेक दाखवलं. भिंतीतून करंट आत येतो तिथे कचरा गाळणारी कॉइल हवी. तिची जागा सर्किटवर छापलेली होती, आणि तिथे कॉइलऐवजी तारेचा एक तुकडा सोल्डर केला होता. भडका आला तर स्वतः मरून बाकीच्यांना वाचवणारा एक गोल चपटा भाग असतो, त्याची जागा रिकामी. बाहेरचे व्होल्ट वाढले तर ताबडतोब सगळं बंद करणारं सर्किट नाहीच. स्टिकर मात्र झकास होता.

म्हणजे दोन्ही डब्यांवर २५० वॉट लिहिलेलं होतं हे खरं. पण वॉटचा आकडा सांगतो की डबा किती देऊ शकतो. बिघडल्यावर तो काय करेल, हे तो आकडा सांगत नाही. चांगला एसएमपीएसही कधीतरी जातो, पण तो एकटा जातो. सकाळी नवा आणायचा, बसवायचा, चालू. भिकार एसएमपीएस जाताना घरातल्या सगळ्यांना घेऊन जातो, कारण कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक भागाला त्याचीच तार गेलेली असते. ७० हजारांची मशीन जोडताना मुलं प्रोसेसरवर आठवडा घालवतात आणि एसएमपीएसचं नाव शेवटच्या ओळीत, उरलेल्या पैशात. मी माझ्या मुलीला उलटं करायला लावलं.

तिचंच उदाहरण देते. अकरावीत आहे, गेल्या दिवाळीत पहिली मशीन जोडली. तिने निवडलेला प्रोसेसर रायझन ५ ७६००. त्याच्या खोक्यावर ६५ वॉट लिहितात, पण जोरात चालला की ८८ वॉटपर्यंत घेतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, ते ११५ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून धरा पन्नास. बेरीज अडीचशेच्या आसपास. मुलगी म्हणाली, "मग ३०० चा पुरे की." हिशेब बरोबर आहे, पण पुरेसा नाही. ग्राफिक्स कार्ड सरासरी ११५ घेतं; मधेच काही क्षण, डोळ्याला न दिसणारे, ते त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. ती उडी एसएमपीएसला पेलली नाही तर मशीन गपकन बंद होते किंवा रीस्टार्ट होते. आपल्यातल्या एकाचा मुलगा दोन महिने विंडोज पुन्हा पुन्हा टाकत होता, कारण गेम रंगात आला की कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. रॅम बदलली, अँटिव्हायरस आणला. कॅबिनेटबरोबरचा ४५० वॉटचा डबा बदलल्यावर रोग गेला.

तो ४५० चा डबा मी मागवून घेतला, हा बघा, टेबलावर ठेवलाय. याच्या स्टिकरवरचा मोठा आकडा सोडा, खाली बारीक अक्षरातलं कोष्टक वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर लिहिलेत. १२ गुणिले १५, पाढे येतातच सगळ्यांना, १८०. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात. म्हणजे कामाचे वॉट १८०. बाकीचे ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे मिळवून ४५० केलेत. माझ्या १९९९ च्या मशीनला ते ५ चे वॉट लागायचे, आजच्यांना फारसे लागत नाहीत. शेजारी ठेवलाय तो मुलीसाठी घेतला त्याच जातीचा ५५० चा. १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. जवळजवळ सगळे वॉट जिथे हवेत तिथे. दुकानात जाल तेव्हा एवढा एक गुणाकार केलात तरी निम्मे डबे गळतील.

कार्ड बनवणारी कंपनीही त्या कार्डासाठी ५५० चाच सांगते. अडीचशेच्या कामाला ५५० घेतला की तो अर्ध्या भारावर चालतो, कमी तापतो, पंखा ओरडत नाही आणि दोन वर्षांनी मुलीने मोठं कार्ड मागितलं तर डबा बदलावा लागत नाही. याच्या उलट काही जण भीतीने हजार वॉटचा घेतात. हजारचा घेतला म्हणून बिल हजारचं येत नाही, मशीन मागेल तेवढंच तो भिंतीतून ओढतो. पण ते पैसे कार्डात घातलेले बरे.

आता ब्राँझ आणि गोल्ड. खोक्यावर '८० प्लस' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णता होऊन जाते. अर्ध्या भारावर ब्राँझला ८५ टक्के, गोल्डला ९० टक्के. मी गोल्डचा हिशेब मांडला. २५० वॉट लागणारी मशीन ब्राँझवर भिंतीतून २९४ घेईल, गोल्डवर २७८. फरक १६ वॉट. रोज चार तास गेम खेळलं, म्हणजे अभ्यास सोडून, तरी वर्षाला २४ युनिट वाचले. १० रुपये युनिट धरलं तर वर्षाचे २४० रुपये. तेव्हा फक्त बिलासाठी गोल्ड घेऊ नका. आणि हे चिन्ह फसवं नसलं तरी अपुरं आहे. ती चाचणी साधारण २३ अंश तापमानात, कार्यक्षमतेची होते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं, हे ती तपासत नाही. भडका आला तर डबा बंद पडतो का, हेही तपासत नाही. ते कळायला दुसऱ्या खुणा आहेत. व्होल्ट वाढले, करंट वाढला, शॉर्ट झालं, तापलं तर बंद पडण्याची सोय कंपनीने नावानिशी लिहिली आहे का. पूर्ण वॉट किती अंशाला मिळतील ते लिहिलंय का. ४० किंवा ५० अंश लिहिणारी कंपनी चांगली. आणि वॉरंटी. एक वर्ष वॉरंटी देणाऱ्याला आपला माल माहीत असतो. पाच, सात, दहा वर्षं देणाऱ्यालाही माहीत असतो. मी पाच वर्षांचा ब्राँझ घेतला, साडेचार हजारांच्या आसपास पडला. जुना, वापरलेला एसएमपीएस मात्र कोणाचा घेऊ नका. रॅम जुनी चालते, कॅबिनेट जुनं चालतं.

जोडताना दोन चुका फार होतात. काही एसएमपीएसच्या वायरी डब्यापासून सुट्या करता येतात. माझ्या भाच्याने असा डबा बदलला आणि जुन्या वायरी छान बांधलेल्या आहेत म्हणून तशाच ठेवून नव्या डब्यात खुपसल्या. त्या बसतातही. पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, हे प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही वेगळं असतं. चालू केल्याबरोबर दोन हार्ड डिस्क गेल्या. डबा बदलला की वायरी पण त्याच्याबरोबरच्याच. दुसरी चूक म्हणजे कनेक्टर अर्धवट बसवणं. मोठ्या कार्डांना हल्ली सोळा पिनांचा एकच कनेक्टर येतो, तो पूर्ण बसला नाही तर तापून वितळतो. खटका ऐकू येईपर्यंत दाबा. आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर विसरू नका. माझी मुलगी विसरली होती, अर्धा तास रडवेली झाली होती.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. ग्रुपवर दोघांनी लिहिलं होतं की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस खराब आहे का? बहुतेक वेळा एसएमपीएस चांगला असतो, घर खराब असतं. डब्याच्या तोंडाशी कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, ते दोन्ही तारांमधून पत्र्याला जोडलेले. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर तो कचरा जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो, साधारण निम्म्या व्होल्टवर. करंट अगदी थोडा, पण बोटाला जाणवतो, टेस्टर लागतो. माझ्या माहेरच्या घरात त्या वेळी प्लगच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. नुसतं भोक. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, कारण दोन पिनांचे प्लग लावून घर चाललं होतं.

अर्थिंग नसेल तर दहा हजारांचा एसएमपीएसही आपलं काम पूर्ण करू शकत नाही. तेव्हा मुलाला पार्ट आणून देण्याआधी वायरमनला बोलवा आणि तीन पिनांच्या त्या एका सॉकेटला अर्थिंग खरं आहे का, एवढंच तपासून घ्या. जुन्या घरात अंगणात खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग करून घ्यावं लागलं तरी करा. त्याचा फायदा गीझरला, फ्रिजला, वॉशिंग मशीनला, सगळ्यांना आहे.

यूपीएसबद्दल विचारलं होतंत. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, तो साधारण ३६० वॉट देतो. वर सांगितलेली मशीन आणि मॉनिटर मिळून जेमतेम. हजार व्हीएचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्वस्तातला चौकोनी वेव्हचा काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर बदलायला इतका वेळ घेतो की कॉम्प्युटर तोवर बंद पडलेला असतो. आणि लाइट गेली की वायर भिंतीतून काढा. माझ्या सांगण्याने काढा.

हे दोन्ही डबे मी जेवणापर्यंत टेबलावर ठेवते आहे. दोन्ही हातात घेऊन वजन बघा, स्टिकर वाचा. उघडू नका.

छपाईला देताना थोडं वाढवते. भाषणानंतर चहाच्या वेळी बाई जवळ आल्या. मला वाटलं, आता ओव्यांचं काही बोलतील. त्यांनी विचारलं, "हे सहाशे रुपयांचं वडिलांना सांगितलंस का कधी?" मी म्हटलं, नाही. त्यांनाही वाय-टू-केच माहीत आहे. "दुकानात बसतात ना अजून?" म्हटलं, हो, सकाळी दोन तास. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग जा. जेवणाच्या आत परत ये."